लालीबाई आणि बोर्डिंगची मोरी

नेरच्या बोर्डिंगात लालीबाई भांडी घासायला लागली ती एकोणीसशे छप्पन सालच्या दिवाळीनंतर. बोर्डिंग म्हणजे जिनिंग कारखान्याच्या मागचं, कापसाचं एक रिकामं पडलेलं गोदाम. वामनराव नावाच्या शेतकऱ्यानं ते मालकाच्या हातापाया पडून मागून घेतलं होतं. त्याला स्वतःला चौथीनंतर शाळा सोडावी लागली होती आणि ते शल्य त्याच्या मनातून कधी गेलं नाही. खेड्यापाड्यांतली, तांड्यांतली पोरं नेरच्या हायस्कुलात नाव घालायला यायची आणि राहायला जागा नाही म्हणून परत फिरायची. त्यांच्यासाठी त्यानं हा खटाटोप केला होता. पोरं अडतीस. म्हणजे अडतीस थाळ्या, अडतीस लोटे, दिवसातून दोनदा. वरणाचा गंज, भाजीचा गंज ही मोठाली पातेली, पराती आणि तवे वेगळेच.

लालीबाई नेरहून कोसभर लांबच्या तांड्यावरची. तिशी नुकतीच ओलांडलेली, अंगानं काटक, बोलायला कमी. तिचा नवरा धावजी विहिरी खोदायचा. तो खाली, ती वर. तो टोपली भरायचा, ती दोर ओढायची. अशी दहा वर्षं गेली आणि त्या दहा वर्षांत जमिनीच्या पोटातलं तिला बरंच उमगलं. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून उलते, पावसाळ्यात फुगते, आणि उलता-फुगताना तिच्यावर बांधलेलं सगळं इकडचं तिकडे करते. तिच्याखालचा मुरूम पाणी धरून ठेवत नाही, पुढे लावून देतो. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. धावजी खालून ओरडून सांगायचा आणि तिच्या लक्षात राहायचं.

मग एका वर्षी दारव्ह्याकडे खोदकाम चालू असताना दरड त्याच्या अंगावर आली. चुडा उतरला, केसांतली घुगरी, सवाशिणीचं लेणं, निघाली, आणि लालीबाई वर्षभर दिराच्या झोपडीत कोपऱ्याला बसून राहिली. मूलबाळ नव्हतं. शेवटी तांड्याचा नायक बाबूसिंग तिला म्हणाला, "बोर्डिंगात भांडे घासाले बाई पाह्यजे. तांड्यातले चार पोट्टे तठी राह्यतेत, त्याईच्यावर नजरही राहीन तुही. जाय." ती गेली.

बोर्डिंगात तिला मैनाबाई भेटली.

मैनाबाई स्वयंपाक करायची. कळंबच्या पलीकडच्या एका गावची, कुणब्याची विधवा, पंचेचाळिशीची, अंगानं भरलेली आणि हसली की गोदामाच्या पत्र्यापर्यंत आवाज जायचा. नवरा गेल्यावर ती भावाकडे, भगवानरावाकडे आली होती. पण भावजयीशी, विमलताईशी, तिचं जमेना. रोज चुलीवरून खटका. मग भावानंच वामनरावाशी बोलून तिला इथं आणून सोडलं. "दोन महिन्यानं न्याले येतो," असं म्हणून गेला, तो आला नाही. मैनाबाई कोणी विचारलं की सांगायची, "कापसाचे दिवस हायेत, त्याले फुरसत कुठची?" आणि कापसाचे दिवस नसले की म्हणायची, "आता पेरण्या असतीन."

पहिले काही महिने दोघींचं पटलं नाही. मैनाबाईला भांडं लखलखीत लागायचं. घासलेली थाळी उचलून ती उन्हात धरायची, बोट फिरवायची आणि परत टाकायची. "लाले, हे काय घासलं? याच्यात माह्यं तोंड दिसून नाई राह्यलं."

"तोंडच दिसत नसन नीट, थाळीचा काय दोष?" लालीबाई एकदा न राहवून म्हणाली, आणि मैनाबाई एवढी हसली की तिच्या हातची परात खाली पडली. त्या दिवसापासून दोघींचं सूत जमलं.

सकाळची भांडी झाली की मैनाबाई चुलीवर दोघींपुरता चहा टाकायची. लालीबाई चहा प्यायची, पण बोर्डिंगच्या विहिरीचं पाणी काही पीत नसे. तांड्याच्या नाल्यात झिरा होता, त्याचं गोड पाणी ती तुंब्यात भरून आणायची.

"आमच्या हिरीचं पाणी तुले चावते काय वं?"

"मचूळ लागते मले. च्यात कळत नाई."

"नखरे पाह्य राणीचे," मैनाबाई म्हणायची आणि तिच्या कपात अजून घोटभर चहा ओतायची.

असे दोन पावसाळे गेले.

बोर्डिंगची मोरी स्वयंपाकघराच्या मागे उघड्यावर होती. शहाबादी फरशीची, एका कोपऱ्याकडे उताराची. त्या कोपऱ्यात भोक, भोकावर लोखंडी जाळी. तिथून मातीच्या भाजक्या नळ्या जमिनीखालून गेल्या होत्या. विहिरीच्या बाजूनं, चिंचेखालून, कुंपणाच्या पलीकडे केळींपर्यंत. मोरी वर्षातून दोनतीनदा तुंबायची आणि ती मोकळी करणं लालीबाईचंच काम होतं. जाळी काढायची, आत हात घालून भाताची शितं, तुरीच्या डाळीची सालं, केसांचे गुंते बाहेर ओढायचे, मग कापसाच्या पऱ्हाटीची राख कालवलेलं उकळतं पाणी ओतायचं. तेवढ्यानं भागायचं. नाहीच भागलं तर वेळूची लांब कमची.

एकोणसाठच्या श्रावणात मोरी तुंबली ती तेवढ्यानं हटेना.

जाळी स्वच्छ होती. उकळतं पाणी ओतलं, ते वर येऊन उभं राहिलं आणि तिथंच निवलं. कमची घातली, ती सरळ गेली. म्हणजे तोंडाशी काही नव्हतं. लालीबाई उकिडवी बसली आणि विचार करू लागली. मग तिनं नळीतलं पाणी रात्रभर झिरपून जाऊ दिलं, सकाळी मोरी पुसून कोरडी केली आणि एकेक बादली ओतत गेली. पहिली गेली. दुसरी गेली. तिसरी, चौथी गेली. पाचवी अर्धी झाली तेव्हा पाणी भोकात दिसू लागलं.

"काय मोजून राह्यली वं?" मैनाबाईनं दारातून विचारलं.

"जवळ अडलं असतं तं पह्यल्याच बादलीले वापस आलं असतं. साडेचार बादल्या नळीत मावल्या. म्हंजे दूर कुठंतरी अडलं हाय."

ती कुंपणाच्या पलीकडे गेली. केळींतलं नळीचं तोंड कोरडं होतं. त्यातून तिनं तीन वेळू एकमेकांना बांधून घातले, ते चौदा हात गेले आणि थांबले. मोरीकडून दोन वेळू एकमेकांना बांधून घातले, ते दहा हातांवर थांबले. तिनं वरून पावलांनी मोजलं. दोन्हीकडची मापं जिथं भेटत होती ती जागा विहिरीपासून चार पावलांवर होती. तिथली जमीन किंचित बसलेली दिसत होती. तिच्या मनानं घेतलं की माती फुगून नळ्यांचा सांधा खाली बसला आहे आणि त्या खळग्यात पाच वर्षांचा गाळ घट्ट झाला आहे.

वामनरावानं फकिरा गवंड्याला बोलावलं. फकिरानं सगळं पाहिलं आणि लालीबाईचं म्हणणं खरं असल्याचं कबूल केलं. "पण आता या पावसात खोदलं तं चिखल होईन नुस्ता. नळ्या अजून बसतीन. पोळा होऊ द्या, उघाड पडली की सगळी लाइन काढून नवी टाकतो."

"तवापर्यंत?" वामनरावानं विचारलं.

"तवापर्यंत पाणी उचलून फेका."

मग दोघी बायका पाणी उचलून फेकू लागल्या. मोरीत तळं साचायचं, त्यावर तेलाचा तवंग, माशा. बादल्या भरायच्या, कुंपणापर्यंत न्यायच्या, पलीकडे रित्या करायच्या. अडतीस पोरांचं खरकटं पाणी, दोन वेळा. पाचव्या दिवशी मैनाबाई त्या शेवाळ्यावरून घसरली आणि गुडघ्यावर आदळली. गुडघा सुजून टम्म झाला. तशीच ती पाय लांब करून चुलीपुढे बसली आणि भाकऱ्या थापत राहिली. तोंडानं कण्हत होती. तिचं ते कण्हणं लालीबाईला सोसवेना.

तिनं भिंतीशी टेकलेली सब्बल, लोखंडी पहार, आणली. माणसाच्या उंचीची, टोकदार, जड. तिच्या मागच्या टोकाला वेळू बांधला, वेळूला दुसरा वेळू. फरशीवर पालथं पडून तिनं ती सब्बल भोकातून आत सारली. दहा हातांवर ती अडली. लालीबाईनं ती मागे घेतली आणि जोरानं पुढे मारली. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. पंधरावीस वेळा झालं असेल. मग आत काहीतरी 'खच' झालं आणि सब्बल हातभर पुढे गेली.

पाणी आधी थरथरलं. मग भोकावर भोवरा फिरला, गडगड आवाज झाला आणि मोरीतलं सगळं तळं बघता बघता खाली गेलं. फरशी उघडी पडली.

पोरं धावत आली. वामनराव आला. "गवंड्यानं हात टेकले न् तू मोकळी केली!" तो म्हणाला. मैनाबाई भिंतीला धरून लंगडत दारात आली आणि तिथूनच ओरडली, "माह्या लालीनं केलं! आता पोळ्याले दोन पुरणपोळ्या जास्तीच्या तुले." लालीबाईचे दंड भरून आले होते, लुगडं चिखलानं माखलं होतं, आणि किती वर्षांत कोणी असं तिचं नाव घेऊन ओरडलं नव्हतं.

सवयीनं ती केळींकडे गेली. पाणी बाहेर येतं का ते पाहायचं होतं. पण तेवढ्यात पावसाची मोठी सर आली. केळींखाली सगळीकडूनच पाणी वाहू लागलं. नळीच्या तोंडाशी धार होती, बारीकशी. ती नळीतून येत होती की वरून ओघळत होती ते कळेना. लालीबाई क्षणभर वाकून उभी राहिली. चार बादल्या ओतून पुन्हा पाहावं, असं तिच्या मनात आलंही. पण ती चिंब भिजली होती आणि आत मैनाबाई चहाला हाका मारत होती. ती आत गेली.

त्यानंतर मोरी अशी काही चालली की जशी कधी चाललीच नव्हती. कितीही ओता, गडप. फकिराला पुन्हा बोलवायची गरज कोणाला वाटली नाही.

पोळ्याला पोरं आपापल्या गावी गेली आणि दोनतीन दिवसांनी परतली. त्यांतला एक मुकुटबनकडचा पोरगा जुलाब घेऊनच आला. दोन दिवस तो उठू शकला नाही. त्याचं अंथरूण, त्याची धोतरं लालीबाईनं कोणी न सांगता धुऊन टाकली, मोरीतच. "लेकरू हाय," ती म्हणाली. तो बरा झाला.

आठवडा झाला नसेल, एका सकाळी सहा पोरं आडवी पडली. संध्याकाळपर्यंत अकरा. उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब. वामनरावाच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं कुठूनतरी ट्रक मिळवला आणि पोरांना यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. बाकीच्यांना घरी पाठवलं. मैनाबाईलाही दुपारपासून लागलं होतं, पण तिनं सांगितलं नाही. ट्रक निघाला तेव्हा ती पोरांच्या डोक्यावरून हात फिरवत होती. ट्रक दिसेनासा झाला आणि ती कोठीच्या दाराशी बसली ती उठलीच नाही.

"काहून नाई सांगितलं?" लालीबाई रडकुंडीला आली.

"जागा कुठं होती ट्रकात? पोट्टे आधी गेले पाह्यजे."

लालीबाई त्या दिवशी तांड्यावर गेली नाही. तिनं कोठीत ज्वारीच्या पोत्यांशेजारी चटई टाकली, मैनाबाईला निजवलं, तिचं सगळं केलं. गावातला डॉक्टर येऊन सुई टोचून गेला आणि म्हणाला, पाणी पाजत राहा, मीठ-गूळ घालून, जेवढं जाईल तेवढं. लालीबाई पाजत राहिली. लोटा संपला की विहिरीवर जायची, बादली ओढायची, भरून आणायची. मैनाबाईचे डोळे खोल गेले होते, बोटांची कातडी आक्रसली होती.

"लाले, पाणी."

"घे वं, घे."

"थंडं हाय. बरं वाटते." मग थोड्या वेळानं ती म्हणाली, "भगवानाले कळवू नका. उगाच धावत येईन बापडा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. तिचं डोकं लालीबाईच्या मांडीवर होतं. शेवटचा घोट तोंडाच्या कोपऱ्यातून बाहेर आला तो लालीबाईनं पदरानं पुसला.

तार मिळाल्यावर भगवानराव आला. गावाबाहेर सगळं उरकलं. त्यानं मैनाबाईची पत्र्याची पेटी उचलली आणि गेला. यवतमाळला नेलेली पोरं वाचली, एकूण एक. सरकारी माणसं येऊन विहिरीत लाल दवा टाकून गेली आणि म्हणाली की पाणी दूषित झालं आहे, कशानं ते सांगता येत नाही, पावसाळ्यात होतंच.

बोर्डिंग बंद पडलं. ओस पडलेल्या स्वयंपाकघरात मैनाबाईची भांडी तशीच पडली होती, वरणाचा गंज तळाशी करपलेला. चौथ्या दिवशी लालीबाई ती घासायला आली. कोणी सांगितलं नव्हतं. तिनं गंजाला राख लावली, घासघास घासला, काळं पाणी मोरीत ओतलं. ते झरकन गेलं. सगळी भांडी घासून झाल्यावर विसळायला पाणी हवं म्हणून ती विहिरीवर गेली, बादली ओढली आणि बादलीत पाहिलं. दव्यानं पाणी लालसर होतं, आणि त्यावर करड्या राखेची साय तरंगत होती. तुरीच्या डाळीचं एक साल, पातळ, फुगलेलं, कडेला चिकटलं होतं.

लालीबाई बादली हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिनं पाणी ओतून दिलं आणि दुसरी बादली ओढली. तीत पुन्हा राख.

तिला अजूनही वाटत होतं की वाऱ्यानं उडून पडली असेल. पोरांच्या सामानात कपड्यांना घालायची नीळ होती. तिनं ती अख्खी पुडी बादलीत कालवली, निळंशार पाणी मोरीत ओतलं, वरून सहा बादल्या साधं पाणी सोडलं आणि विहिरीच्या काठावर पालथी पडून आत पाहत राहिली. ऊन आत उतरलं होतं. चिंचेकडच्या बाजूला, पाण्याच्या वर दोन हात, दगडांच्या सांध्यातून ओल पाझरत होती. ती ओल बराच वेळ तशीच राहिली. मग निळसर झाली, मग निळी. दगडावरून निळा ओघळ खाली आला आणि लालसर पाण्यात मिसळला.

सब्बल कुठं घुसली होती ते तिला समजलं. नळीतला गाळ फुटलाच नव्हता. नळीचं पोट फुटलं होतं. पाणी चार पावलं मुरमातून गेलं होतं, ज्याला पुढे लावून देणंच ठाऊक. आजाऱ्याची धोतरं तिनं इथं धुतली होती. आणि मैनाबाईला शेवटपर्यंत, लोट्यामागून लोटा, ती तेच पाजत होती.

वामनराव आला तेव्हा ती काठावरच बसलेली होती. तिनं त्याला ओघळ दाखवला आणि सगळं सांगितलं, सब्बलीपासून नळीच्या तोंडाशी दिसलेल्या बारीक धारेपर्यंत. त्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. 

"आणखी कोणाले सांगितलं?"

"नाई, भाऊ."

"नको सांगू. तुह्यावर नाव येईन ते येईन, पण लोकं म्हणतीन बोर्डिंगनं पोरं माराले घेतलीत. कायमचं बंद पडन. अडतीस पोरांची शाळा जाईन, लालीबाई." "म्याच फकिराले पुन्हा बलावलं पाह्यजे होतं. मोरी चालली न् मी इसरलो."

"मैनाबाईच्या भावाले तं सांगावं लागन."

"सांगून ते वापस येईन काय?"

वामनरावानं विहीर उपसली, नळ्या खोदून काढल्या. फुटक्या नळीच्या तळाला मूठ जाईल एवढं भोक होतं. नवी लाइन त्यानं विहिरीपासून लांब, दुसऱ्या अंगानं टाकली. पुढच्या जूनमध्ये बोर्डिंग पुन्हा सुरू झालं. लालीबाईला निरोप आला, पण ती गेली नाही. बायांबरोबर निंदणाला, वेचणीला जाऊ लागली.

त्याआधी, दसऱ्याच्या सुमाराला, ती एकदा मोटारीत बसून यवतमाळला गेली, तिथून कळंबला, आणि पुढे विचारत विचारत पायी. भगवानराव अंगणात दोर वळत बसला होता. तिनं स्वतःची ओळख सांगितली. तो म्हणाला, "तुले पाह्यलं म्या. तिच्या उशाशी बसली होती तू." मग ती उभ्या उभ्या बोलत गेली. तिला मागे-पुढे करून सांगता येत नव्हतं. जसं घडलं तसं सांगितलं.

दोर वळणारे त्याचे हात थांबले. दारात विमलताई येऊन उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि मोठ्यानं हंबरडा फोडला.

भगवानराव लालीबाईकडे पाहत राहिला. "हे मले कायले सांगतं?" त्यानं विचारलं. आवाज चढला नव्हता. "देवानं नेलं, म्हून मी कसातरी बसलो होतो. आता कोणाच्या नावानं बोंब मारू? तुह्या? जाय अठून."

ती गेली.

तांड्यावर तिनं हे कोणाला सांगितलं नाही. कधी कोणाच्या घरची नाली तुंबली की लोक तिला हाक मारायचे, कारण तिचा हात त्यात चालतो हे सगळ्यांना माहीत होतं. ती म्हणायची, आता जमत नाही, हात दुखतात. झिऱ्यावरचं पाणी भरताना मात्र ती इतका वेळ घागरीत पाहत राहायची की मागच्या बाया कटकट करायच्या.

बासष्ट साली, दिवाळी होऊन गेल्यावर, एक माणूस तांड्याच्या वाटेनं आला. केस पार पिकलेले, हातात काठी. लालीबाईनं त्याला झोपडीच्या दारात येईपर्यंत ओळखलं नाही. भगवानराव होता. बोर्डिंगात विचारून इथवर चालत आला होता.

तिनं घोंगडी टाकली. तो बसला. पाणी दिलं, ते त्यानं पिऊन टाकलं.

"तीन वर्ष तुले शिव्या देल्या म्या," तो म्हणाला. "सकाळी उठलो की पह्यले तुह्या नावानं. आता थकलो. होत नाई माह्याच्यानं."

लालीबाईनं त्याचा रिकामा लोटा उचलून बाजूला ठेवला.

"ते पाच वर्ष अठी होती. मी एक डाव नाई आलो. पाच वर्षांत एक डाव नाई. मोटार हाय, सकाळी निघालं तं दुपारी पोचते माणूस." तो काठीनं जमिनीवर रेघा ओढत राहिला. "कशी राहे ते? काय करे दिवसभर? मले काहीच मालूम नाई. सांगशीन काय?"

मग लालीबाई सांगू लागली. आयुष्यात कधी एवढी बोलली नव्हती. मैनाबाई थाळी उन्हात कशी धरायची, पोरांना वरण वाढताना गंजाच्या तळातलं घट्ट कोणाला द्यायचं हे तिचं कसं ठरलेलं असायचं, एका पोराला गणितात पैकीच्या पैकी गुण मिळाले तेव्हा तिनं सगळ्यांना शिरा कसा केला. ती हसली की पत्र्यावरची कबुतरं उडायची. भगवानराव मध्येच हसला. "घरीबी असंच हासे," तो म्हणाला. "बाप रागावे तिले."

उन्हं कलली. मग त्यानं विचारलं, "माह्याबद्दल काय म्हणे?"

त्याला बरं वाटेल असं काहीतरी लालीबाईला सांगता आलं असतं.

"वाट पाहे," ती म्हणाली. "मोटार थांबल्याचा आवाज आला की दारात येऊन उभी राहे. कोणी इचारलं तं म्हणे, कापसाचे दिवस हायेत, त्याले फुरसत नसन."

भगवानरावानं पागोट्याचा शेव डोळ्यांना लावला आणि तसाच बसून राहिला. लालीबाईही रडत होती. दोघांत कोणी कोणाची समजूत काढली नाही. शेजारच्या बायका दारातून पाहून गेल्या, त्यांना वाटलं तिच्या माहेरचं कोणी आलं असावं.

संध्याकाळची मोटार चुकू नये म्हणून तो उठला. "येतो," एवढंच म्हणाला. ती त्याच्याबरोबर नाल्यापर्यंत गेली आणि त्याला पलीकडची जवळची पायवाट दाखवली.

नंतर तो पुन्हा कधी आला नाही. त्या वर्षी पऱ्हाटी चांगली फुटली होती, वेचायला माणसं कमी पडत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी लालीबाई कमरेला ओटी बांधून बायांबरोबर शेतात गेली.